हलक्या गाडीची जड किंमत

फराळाचे ताट पुढे असताना भांडण उकरून काढू नये, असे आमची आई म्हणत असे. परंतु हे भांडण मी काढलेले नाही. ते आमच्या घरात गेली दोन वर्षे आपसूक धुमसत आहे आणि दोन्ही पक्षांनी मला पंच नेमले आहे. शाळामास्तर आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणारा, म्हणजे याला वेळ भरपूर असणार, अशी दोघांचीही समजूत! तेव्हा माझा निवाडा वाचकांपुढेच ठेवतो. घरात तो अजून कोणाला पटलेला नाही.

खटला असा आहे. माझा पुतण्या इंग्लंडात कॉव्हेंट्रीला संगणकावर काम करतो. दोन वर्षांपूर्वी त्याने तीस हजार पौंडांच्या वर रक्कम मोजून मोटार घेतली. खरे म्हणजे मोटारीचे सुटे भाग घेतले. नळ्यांचा एक सांगाडा, त्यावर बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा आणि खोक्यांची चवड. गाडी जोडायची ती त्याने स्वतः. जोडून झाल्यावर तीत माणसे बसणार दोन, तीही खांद्याला खांदा घासून. छप्पर कापडाचे, दारांच्या जागीही कापडी पडदे, सामानाला जागा जेमतेम एखाद्या पिशवीची. वजन सारे मिळून ४४० किलो. नाव कॅटरहॅम सेव्हन. तिच्यातही सर्वांत हलका जो १७० नावाचा प्रकार २०२१ साली निघाला, तो. निघाला तेव्हा सुट्या भागांची किंमत २२,९९० पौंडांपासून सुरू होत होती. ती पुढे वाढली, आणि मग हे हवे, ते हवे करता करता पुतण्याचा आकडा तिशीच्या पार गेला.

आमचे दादा, म्हणजे या पुतण्याचे वडील, कोल्हापूरच्या उद्यमनगरात चाळीस वर्षे लेथ चालवीत आले आहेत. त्यांनी पौंडांचे रुपये केले आणि ते मटकन खाली बसले. "तीस लाखाच्या वर, आनि दार न्हाई?" मग त्यांनी इंजिनाची चौकशी केली. तीन सिलिंडर, ६६० सी.सी., सुझुकीचे. दादांकडे पूर्वी एक मारुती ८०० होती. तिचे इंजिन ७९६ सी.सी.चे, तेही तीन सिलिंडरचे, आणि मूळ सुझुकीच्याच घराण्यातले. तिला चार दारे होती, वर पत्र्याचे छप्पर होते, आणि तीत आम्ही आठ जण जोतिबाला जाऊन आलो आहोत. "म्हंजे मारुतीपेक्षा ल्हान इंजिन घ्यायला पोरगं तीस लाख देऊन आलं," असा दादांनी निकाल दिला आणि तीन महिने मुलाशी बोलणे टाकले.

आता दादांचा मुद्दा आधी घेऊ, कारण तो जगातल्या बहुतेक शहाण्या माणसांचा मुद्दा आहे. गाडी कमी, तर पैसे कमी. हा भाजीबाजारातला न्याय. पण कापडबाजारात तो चालत नाही. जाडेभरडे धोतर वजनाला जास्त भरते म्हणून तलम धोतरापेक्षा महाग विकले जात नाही. वजन स्वस्त असते. कमी करायचे म्हटले की हात लागतो. मोठे कारखाने मोटारीचे अंग जाड दाबयंत्रांत ठोकून काढतात. त्या यंत्रांना कोट्यवधी रुपये पडतात, पण गाड्या लाखांनी निघतात, म्हणून एकेका गाडीवर तो खर्च चिमूटभरच पडतो. कॅटरहॅमच्या गाड्या वर्षाला निघतात काही शेकडा. सांगाडा बारीक पोलादी नळ्या एकेक जोडून उभा करायचा. तिथे किलोचा भाव लावणे म्हणजे सोनाराच्या दुकानात लोखंडाचा तराजू घेऊन जाणे आहे.

आणि त्या हलकेपणातून मिळते काय? दादांच्या मारुतीला चाळिसाच्या आत अश्वशक्ती आणि साडेसहाशे किलोच्या घरात वजन. टनाला साठाच्या आसपास शक्ती पडली. या गाडीला अश्वशक्ती ८४, म्हणजे टनाला १९०. ताशी ९६ किलोमीटरचा वेग ती सात सेकंदांच्या आत गाठते. पण वेगाचे सोडा, तो बाजारात आता कोणीही विकतो. खरी गोष्ट अशी की हलक्या गाडीला थांबायला, वळायला, सगळ्यालाच कमी लागते. ब्रेक लहान चालतो, टायर अरुंद चालतो, म्हणून ते बसवायचा सांगाडाही हलका चालतो. एक किलो काढला की त्याच्या मागोमाग दुसरा निघतो. कर्जाचे चक्रवाढ व्याज मी जन्मभर पाहिले. बचतीचे चक्रवाढ प्रथम इथे पाहिले.

तेव्हा दादांचा दावा मी फेटाळला. लगेच पुतण्याने तिकडून पेढे वाटल्यासारखा आनंद व्यक्त केला आणि वर एक वाक्य टाकले, "काका, अनुभवाला किंमत नसते!" ज्याला किंमत नसते त्याचे तीस हजार पौंडांचे बिल येते कसे? हे वाक्य मला कोणीही ऐकवले की मी आधी खिसा चाचपतो. पुतण्याच्या पक्षाचा समाचार इथून पुढे.

ही गाडी मुळात गरिबाची होती. कॉलिन चॅपमन नावाच्या इंग्रज माणसाने आपल्या लोटस कंपनीतर्फे १९५७ साली ती काढली. तेव्हा तिचे नाव लोटस सेव्हन. त्या काळी इंग्लंडात तयार मोटारीवर जबर खरेदी-कर असे आणि सुट्या भागांवर तो नसे. करासकट तयार गाडी हजार पौंडांच्या वर जाई, तीच खोक्यांतून घेतली तर जवळजवळ निम्म्यात मिळे. मात्र सरकारची अट अशी, की जोडणीच्या सूचना सोबत द्यायच्या नाहीत. तेव्हा चॅपमनने गाडी उकलायची कशी याच्या सूचना दिल्या, आणि गिऱ्हाइकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असे सांगतात. (आमच्या वर्गातली काही मुले सगळीच पुस्तके तशी वाचतात, पण त्यांना कोणी कर माफ करीत नाही.) १९७३ साली तो कर गेला, नवा मूल्यवर्धित कर आला आणि खोक्यांची ती सवलत संपली. त्याच वर्षी लोटसने ही गाडी सोडली. सरे परगण्यातल्या कॅटरहॅम गावच्या विक्रेत्याने तिचे हक्क घेतले आणि तेथून ती त्या नावाने चालू राहिली.

म्हणजे, रसिकहो, ज्या कारणाने ती खोक्यांतून विकली जाई ते कारण मरून पन्नास वर्षे होऊन गेली. खोकी मात्र राहिली आणि किंमत चढली. गरिबाची झुणकाभाकर पंचतारांकित हॉटेलात गेली की तिचे जे होते तेच हिचे झाले. पुष्कळ प्रकारांत गाडी गरम करणारा हीटर घेतला तर पैसे निराळे, पत्र्याला रंग दिला तर पैसे निराळे. पुन्हा गाडी आणखी हलकी हवी, म्हणून साधी आसने काढून कार्बनच्या धाग्याची बसवायची तर त्याचे आणखी निराळे! जोडायला पैसे आणि काढायलाही पैसे, असा दुहेरी धंदा मी पूर्वी फक्त दंतवैद्याकडे पाहिला होता. कार्बनच्या आसनाने जे दोन-चार किलो वाचतात, ते पुतण्याने दिवाळीच्या चकल्या आवरत्या घेतल्या असत्या तर फुकट वाचले असते. हा सगळा खर्च मी साफ नामंजूर करतो. ती हौस आहे, आणि हौसेला मुद्द्याचा मुलामा देऊ नये.

हलकेपणाची भक्तीही बेताने करावी. चॅपमनच्या शर्यतीच्या गाड्यांनी जगज्जेतेपदे मिळवली तशी माणसेही गमावली. १९७० साली मोंझा येथे योखेन रिंट हा चालक सरावात ठार झाला. पुढचा ब्रेकचा दांडा निकामी झाला हे अपघाताचे मूळ मानले जाते. त्या वर्षीचे जगज्जेतेपद त्याला मरणोत्तर मिळाले. पुतण्याच्या गाडीत हवेची उशी नाही, डोक्यावर पत्रा नाही. मालमोटारीशेजारून जाताना चाकाचा मधला भाग डोळ्यांसमोर येतो, हे त्याचेच शब्द आहेत. त्याच्या आईला मी ते सांगितलेले नाहीत.

मग राहिले काय? राहिली जोडणी. इथे मला माझ्याच धंद्यातला एक माणूस भेटला. इंग्लंडातल्या औंडल येथील शाळेत शिकवणारे रॉन चॅम्पियन. यांनी १९९६ साली एक पुस्तक काढले. अवघ्या २५० पौंडांत घरच्या घरी असली गाडी कशी बांधावी, हे त्यात सांगितलेले. नळ्या आपण कापायच्या, सांधे आपण जोडायचे, इंजिन आणि आस जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे घ्यायचे. ते वाचून किती लोकांनी अंगणात गाड्या उभ्या केल्या! मला वाटले, सापडला निवाडा. मी पुतण्याला लिहिले, "अरे, हात चालवायची हौस आहे ना? मग अडीचशेत भागव आणि उरलेले बँकेत टाक."

त्याचे उत्तर आले ते मी जपून ठेवले आहे. त्याने लिहिले होते, "काका, मला वेल्डिंग येत नाही. मी जोडलेल्या सांध्यावर टांगलेल्या सीटवर तुम्ही बसाल का? आबांनी मला कधी दुकानात मशीनला हात लावू दिला नाही. दहावीच्या सुट्टीत एकदा ड्रिल चालू केलं तर कानाखाली बसली होती. आता सांगाडा विकत घेतो, बाकीचं तरी माझ्या हातानं करतो."

हे मात्र अक्षरशः खरे आहे. मी दहावीपर्यंतच शिकलो आणि पुढे चित्रकलेचा मास्तर झालो. दादा तेवढेही शिकले नाहीत. आपले हात काळे झाले ते झाले, पोराचे होऊ द्यायचे नाहीत, असा त्यांनी पण केला होता. त्यासाठी बारा बारा तास लेथपुढे उभे राहिले, कर्ज काढले, आणि मुलगा पांढऱ्या हातांचा झाला. त्या मुलाने आपल्या पगारातून तीस लाख घातले ते हात काळे करायला! दादांच्या रागाचे मर्म गाडीच्या दारात नव्हतेच.

म्हणून माझा निवाडा असा झाला, की कंपनी म्हणते ते ऐंशी-शंभर तास जो स्वतः पाना फिरवील, त्याला या गाडीची मूळ किंमत परवडली. आणि काही हजार पौंड जास्त टाकून जो ती कारखान्यातूनच जोडून आणील, तो फसला. आमच्या गल्लीत हल्ली दिवाळीत प्लॅस्टरचे तयार किल्ले विकायला येतात. बुरूज, दरवाजे, मावळे, सगळे जागच्या जागी. पोरे ते अंगणात मांडून अर्ध्या तासात मोबाइलकडे वळतात. शेताची माती आणून, चिखलात कोपरापर्यंत हात घालून, अळीव पेरून ज्याने किल्ला केला तो पोरगा रात्री दोनदा उठून बघतो, की कुत्र्याने बुरूज तर पाडला नाही. तयार किल्ला महाग पडतो आणि मातीचा फुकट, हा फरक मला मान्य आहे. पुतण्याला त्याची माती इंग्लंडातल्या दुकानातून विकत घ्यावी लागली, कारण घरची माती त्याला कोणी दिली नाही.

हा निवाडा मी दादांना वाचून दाखवला. ते म्हणाले, "तुला काय, कागद काळा क्येला की झालं." पुतण्यालाही तो रुचला नाही, कारण कार्बनची आसने त्याने आधीच मागवली होती.

गेल्या पाडव्याला सकाळी पुतण्याने फोनवर चेहरा दाखवला. मागे गॅरेज, मधोमध ती अर्धी गाडी, कपाळाला ग्रीसचा पट्टा. पुढच्या महिन्यात सरकारी तपासनीस गाडी तपासणार होता, त्याने मान्य केल्याशिवाय नंबर मिळत नाही. आणि पुढच्या चाकाजवळचा एक बोल्ट काही केल्या बसत नव्हता. दादा पलीकडे करंजी खात होते. ऐकत नाही असे दाखवीत होते. मग एकाएकी तोंडातला घास तसाच ठेवून म्हणाले,

"पाना कुठला घेतलाय त्यानं? सुताचा का मिलिमीटरचा?"

"आबा, यात दोन्ही आहेत. काही बोल्ट इंचात, काही मिलिमीटरमध्ये."

"एका गाडीत दोन्ही? कुठल्या गाढवानं..." दादांनी हात धोतराला पुसले, चष्मा शोधला आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. "जरा खाली धर. आनि हितं उजेड कर, काय दिसंना."