लिलावातलं अंडं

आमच्या मंडळीत हंगामाच्या सणाला लिलाव होतो. लहानपणापासून बघत आलोय. वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेली एखादी कोंबडी आणि कुणीतरी आणलेलं एकच अंडं. उपासना संपली की पाळकसाहेब बाजूला होतात आणि मोठ्या आवाजाचा एखादा काका सूत्रं हातात घेतो. अंड्याला ५०, १००, १५०... ज्याने घेतलं तो पैसे भरतो आणि अंडं परत टेबलावर ठेवतो. "पुन्हा लावा!" असं तीन-चारदा. शेवटी ते कुणाच्या घरी उकडलं जातं, देव जाणे.

यंदा पुण्याहून आलेल्या भाच्याला हा सगळा पोरखेळ वाटला. "मामा, आभार घरी बसून मानता येत नाहीत का? पैसे यूपीआयने पाठवून द्यायचे." येतात की. पण मला ते पुरेसं वाटत नाही, आणि शास्त्रातही ते तसं नाही. अनुवादाच्या २६व्या अध्यायात पहिल्या फळांची टोपली याजकाकडे न्यायचा विधी आहे. टोपली ठेवून झाली की काय करायचं तेही सांगितलंय: आनंद करायचा, आणि तो लेवी व परदेशी यांना बरोबर घेऊन. लेव्यांना वतनात जमिनीचा वाटाच नव्हता, आणि परदेशी तर उपराच. म्हणजे हंगामाच्या आनंदात ज्यांचा हंगामच नाही त्यांची नावं घेऊन आठवण. लूकच्या १५व्या अध्यायातली ती बाईसुद्धा नाणं सापडल्यावर गुपचूप डब्यात टाकत नाही, शेजारणींना हाका मारते.

आपल्याकडे तर याला आणखी एक कारण आहे. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगलं, लक्ष्मीबाईंना काही वर्षं वेगळं राहावं लागलं. त्या काळात ख्रिस्ती झालेल्या कितीतरी घरांची हीच कथा. भावकी सुटली. मग बारशाला, लग्नाला, नव्या घराला यायचं कुणी? मंडळीनेच यायचं. आपण एकमेकांना उगीच भाऊ-बहीण म्हणत नाही.

इथवर भाच्याला मी ऐटीत सांगितलं. पुढचं सांगितलं नाही, ते इथे लिहितो.

चार वर्षांपूर्वी मुलीला सरकारी कॉलेजात नर्सिंगला प्रवेश मिळाला. घरी उपकारस्तुतीची सभा ठेवली. गाणी झाली, वचन झालं, मग मी साक्ष द्यायला उभा राहिलो. सगळ्यांनी मिळून प्रार्थना केली, उपास केले, म्हणून देवाने आमचं ऐकलं, असं भरल्या गळ्याने बोललो. खोटं नव्हतं त्यात काही. मागे दाराशी शेजारच्या वहिनी बसल्या होत्या. दोनच महिन्यांपूर्वी त्यांचे यजमान गेले होते. त्यांच्यासाठीही याच लोकांनी, याच खोलीत, असाच उपास धरला होता.

सभा झाल्यावर त्या बायकांबरोबर कपबश्या विसळत बसल्या. निघताना मुलीच्या हातावर ५१ रुपये ठेवले आणि मला हळूच म्हणाल्या, "भाऊ, आमची प्रार्थना कुठे कमी पडली हो?"

मला काही सुचलं नाही. अजूनही सुचत नाही.

म्हणून सभा बंद कराव्यात असं माझं म्हणणं नाही. लोकांना बोलवावंच, चहा-पोहे करावेत, मोठ्याने गावं. पण आशीर्वादाचा हिशेब मांडू नये: इतकी प्रार्थना घातली, इतकं पदरात पडलं. मंडळीसमोर तो मांडला की ज्यांच्या पदरात पडलं नाही ते आपोआप नापास ठरतात. पौलाने आनंद करणाऱ्यांबरोबर आनंद करायला आणि शोक करणाऱ्यांबरोबर शोक करायला एकाच वचनात सांगितलंय (रोम. १२:१५). आपण अर्धं वचन सभेत पाळतो आणि अर्धं कब्रस्तानात. दोन्ही माणसं मात्र एकाच चटईवर बसलेली असतात.

असो. मुलीचं शेवटचं वर्ष संपलं, घरात पुन्हा सभेची बोलणी चाललीत. बायको म्हणते, बाकीची निमंत्रणं नंतर, आधी वहिनींकडे जाऊन बसा. अजून गेलो नाही.