ताऱ्यांची नाडी तपासणारे संशोधक

मे महिन्यात कूलरमध्ये पाणी भरून झाले की नागपूरकर वाऱ्याच्या शोधात गच्चीवर जातो. प्रतापनगरच्या गच्चीवरून रात्री दहा-अकराच्या सुमारास मान वर केली, तर जवळजवळ डोक्यावर एक ठळक नारिंगी तारा दिसतो. तो स्वाती. त्याचे अंतर सुमारे ३७ प्रकाशवर्षे, तर व्यास सूर्याच्या साधारण २५ पट आहे. गाभ्यातला हायड्रोजन संपल्यावर बाहेरून फुगलेल्या आणि थंडावलेल्या अशा वृद्ध ताऱ्याला 'तांबडा राक्षसी तारा' म्हणतात. आपला सूर्यही सुमारे पाच अब्ज वर्षांनी याच अवस्थेत जाईल.

आरोग्याच्या स्तंभात तारे कशाला, असे वाचकांना वाटेल. पण या ताऱ्यांचा अभ्यास ज्या पद्धतीने होतो, ती आम्हा डॉक्टरांच्या फार ओळखीची आहे. रुग्णाची छाती न उघडता आत काय चालले आहे हे ओळखणे, हेच आमचे काम. ऑस्ट्रियाचे डॉक्टर ऑएनब्रुगर यांनी १७६१ मध्ये छातीवर बोटांनी ठोकून आत पाणी आहे की हवा, हे ओळखण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यांचे वडील खाणावळ चालवत आणि पिंपावर ठोकून आतली पातळी जोखत, असे सांगतात. १८१६ मध्ये पॅरिसच्या लेनेक यांनी स्टेथोस्कोप आणला. आवाज ज्या पदार्थातून जातो त्याची खूण सोबत घेऊन येतो, हे या दोन्हींमागचे तत्त्व.

ताऱ्याच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू पडते. ताऱ्याच्या वरच्या थरात तापलेला वायू उकळत असतो. त्या खळबळीतून ध्वनिलहरी निर्माण होतात, आत जातात, वळून परत येतात आणि अख्खा तारा घंटेसारखा कंप पावतो. अवकाशात हवा नसल्याने तो आवाज आपल्यापर्यंत येत नाही. पण ताऱ्याची चमक अगदी किंचित कमीजास्त होते आणि ती मोजता येते. सूर्याचे हे कंपन साधारण पाच मिनिटांचे. तांबड्या राक्षसी ताऱ्यांचे कंपन संथ, कित्येक तासांपासून काही दिवसांपर्यंतचे. २००९ मध्ये सोडलेल्या केप्लर दुर्बिणीने आकाशाच्या एकाच तुकड्यावर चार वर्षे नजर रोखून सुमारे दीड लाख ताऱ्यांची चमक मोजली. बहुतेकांची नोंद दर अर्ध्या तासाला. आमच्या भाषेत सांगायचे तर ताऱ्यांना चार वर्षे लावलेला होल्टर मॉनिटर!

या विद्येचा एक महत्त्वाचा धागा महाराष्ट्रातून जातो. डॉ. शशिकुमार चित्रे यांचा जन्म १९३६ चा, मुंबईचा. एल्फिन्स्टन महाविद्यालय, मग केंब्रिज आणि नंतर तीन दशकांहून अधिक काळ कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था, असा त्यांचा प्रवास. तेथे त्यांनी आणि डॉ. एच. एम. अंतिया यांनी सूर्याच्या कंपनांवर काम केले. डॉ. सर्बानी बसू यांनी मद्रासहून येऊन पुणे विद्यापीठात एम.एस्सी. केले आणि १९९३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. बसू आणि अंतिया यांनी कंपनांवरून सूर्याच्या बाहेरच्या भागात हेलियमचे प्रमाण वस्तुमानाच्या सुमारे २५ टक्के असल्याचे काढले. सूर्याचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवता येत नाही, हे लक्षात घेतले की या आकड्याचे मोल कळते. पुढे बसू अमेरिकेतील येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या आणि सूर्याकडून इतर ताऱ्यांकडे, तांबड्या राक्षसी ताऱ्यांकडे वळल्या. २०१८ मध्ये त्यांना सौरभौतिकीतला मानाचा हेल पुरस्कार मिळाला.

या संशोधनातला एक अध्याय प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याने वाचावा असा आहे. सूर्याच्या गाभ्यातून न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सतत बाहेर पडतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रे डेव्हिस यांनी जमिनीखाली खोल खाणीत ते मोजायला सुरुवात केली, तेव्हा अपेक्षेच्या जेमतेम एक तृतीयांश सापडले. रिपोर्ट असा विचित्र आला की डॉक्टरांसमोर तीन शक्यता असतात. तपासणी चुकली, रुग्णाच्या शरीरात आपण समजतो त्यापेक्षा वेगळे काही चालू आहे, किंवा त्या तपासणीमागचे आपले ज्ञानच अपुरे आहे. अनेकांचा संशय रुग्णावर, म्हणजे सूर्याच्या गाभ्यावर होता. कंपनशास्त्रज्ञांनी सूर्याची 'छाती' तपासली आणि सांगितले, की आतला ध्वनीचा वेग गणिती प्रतिकृतीशी एका टक्क्याच्याही आत जुळतो. रुग्ण ठीक आहे. चित्रे आणि अंतिया यांनी नव्वदच्या दशकात हीच बाजू मांडली. दोष न्यूट्रिनोविषयीच्या समजुतीत होता. हे कण वाटेत आपले रूप बदलतात, हे कॅनडातील प्रयोगाने २००१-०२ मध्ये दाखवले आणि त्या शोधाचा २०१५ च्या नोबेलने गौरव झाला.

तांबड्या राक्षसी ताऱ्यांनी दुसरा धडा दिला. यांतले काही तारे गाभ्याभोवतीच्या कवचात हायड्रोजन जाळतात, तर काहींच्या गाभ्यात हेलियम पेटलेले असते. बाहेरून रंग सारखा, तेजही सारखे असू शकते. २०११ मध्ये केप्लरच्या नोंदींवरून दिसले, की गाभ्यापर्यंत पोहोचणाऱ्या कंपनांच्या कालावधींमधले अंतर पहिल्या गटात साधारण ५० सेकंद आणि दुसऱ्यात १०० ते ३०० सेकंद असते. दोघे सारखेच दिसणारे, पण आजार वेगळा! पुढच्याच वर्षी असेही आढळले, की काही ताऱ्यांचा गाभा त्यांच्या पृष्ठभागापेक्षा किमान दहापट वेगाने फिरतो. कंपनांवरून ताऱ्याचे वस्तुमान आणि त्यावरून वय काढता येते. अशा हजारो ताऱ्यांच्या वयांवरून आपली आकाशगंगा कशी वाढत गेली, याचा इतिहास आता लिहिला जातो आहे.

आता कळीचा प्रश्न : याचा उपयोग काय? सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्याला हा प्रश्न झटकून टाकता येत नाही. एका खाटेवर दोन रुग्ण पाहिलेल्या माणसाला पैशाची चणचण पाठ असते. 'क्ष-किरण आणि एमआरआयसुद्धा भौतिकशास्त्रज्ञांच्या कुतूहलातूनच आले' हे उत्तर खरे आहे, पण मला ते अपुरे वाटते. प्रत्येक शोधातून यंत्र निघेलच, असे वचन कोणी देऊ नये. माझे उत्तर वेगळे आहे. थोड्या खुणांवरून आतले सत्य काढण्याची, रिपोर्ट जुळला नाही तर घाईने रुग्णाला दोष न देण्याची आणि वर्षानुवर्षे नोंद ठेवण्याची सवय ज्या समाजात रुजते, त्या समाजाची रुग्णालयेही सुधारतात. दवाखान्यात हाताने तपासण्याआधी स्कॅन लिहिला जातो आणि खर्च रुग्णाच्या माथी येतो, तेव्हा हीच सवय कमी पडत असते.

म्हणून मला काळजी वाटते ती आपल्या मुलांची. विदर्भातल्या जिल्ह्या-जिल्ह्यांतून मुले 'नीट'च्या शिकवणीसाठी नागपुरात येतात. त्यांतली सगळीच डॉक्टर व्हायला जन्मलेली नसतात. भौतिकशास्त्राचे गणित सुटल्यावर ज्याचे डोळे चमकतात, पण शरीरशास्त्राचे पुस्तक उघडले की जांभई येते, असा मुलगा दुसऱ्या-तिसऱ्यांदा परीक्षेला बसवला जातो. पालक तपासणीला आले की तक्रार झोपेची, डोकेदुखीची, अॅसिडिटीची असते. कारण बहुधा घरातल्या अपेक्षेत सापडते. अशा मुलाला गोळी देऊन पाठवणे सोपे आहे. मी पालकांना विचारतो, त्याला काय आवडते? पुष्कळदा उत्तर मुलगाच देतो आणि पालक ते पहिल्यांदाच ऐकत असतात.

दुसऱ्या वाटा आहेत. पुण्याची आयसर आहे. मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभागाचे मूलभूत विज्ञान केंद्र आहे. निवृत्तीनंतर चित्रे यांनी त्याच्या उभारणीला हातभार लावला होता. २०१२ मध्ये पद्मभूषण मिळालेला हा माणूस २०२१ च्या जानेवारीत गेला. केप्लरच्या नोंदी तर सर्वांसाठी खुल्या आहेत. साध्या संगणकावर गोंदिया-गडचिरोलीची मुलगीही त्यांतून एखाद्या ताऱ्याचे कंपन काढू शकते. त्यासाठी तिला थोडे मार्गदर्शन आणि घरून होकार हवा. पहिली गोष्ट आपल्या महाविद्यालयांनी आणि रमण विज्ञान केंद्रासारख्या संस्थांनी द्यावी. दुसरीला तर एक पैसाही लागत नाही.