किल्ल्या कुणाच्या कमरेला?

बँकेत लागलो त्या पहिल्याच आठवड्यात शाखाधिकाऱ्यांनी मला खतावणीच्या आधी तिजोरी दाखवली. तिला दोन किल्ल्या. एक रोखपालाकडे, दुसरी अधिकाऱ्याकडे. दोघे समोर असल्याखेरीज दार उघडायचे नाही. पुढे कित्येक वर्षे ती दुसरी किल्ली मी वागवली. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी हात खिशाशी जाई. या सवयीची घरात अजून थट्टा होते.

२०२५ च्या जुलैत ती किल्ली पुन्हा आठवली. गुजरातेत वाडीनार येथे वर्षाला २ कोटी टन तेल शुद्ध करण्याची क्षमता असलेली नायरा एनर्जी ही भारतीय कंपनी. तिच्या भागभांडवलात रशियाच्या रोसनेफ्टचा जवळपास निम्मा वाटा. १८ जुलैला युरोपीय संघाने तिच्यावर निर्बंध लादले आणि काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिच्या सेवा थांबवल्या. ईमेल बंद, स्वतःचे कागद स्वतःला दिसेनात. परवान्याचे पैसे पूर्ण भरले आहेत, असे म्हणत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाल्या. निर्बंध योग्य की अयोग्य, हा वाद निराळा. पण इथल्या कुठल्याही कायद्याने वा न्यायालयाने सांगितलेले नसताना एका कचेरीला बाहेरून कडी लागू शकते, हे त्या दिवसांत दिसले.

ब्राउझरमध्ये पत्र लिहितो तेव्हा ते आपल्या टेबलावर नसते, दूरवरच्या दुसऱ्याच्या यंत्रात असते. ‘क्लाउड’ हे त्याचे काव्यमय नाव. आमच्या भाषेत हा असा लॉकर, की ज्याच्या दोन्ही किल्ल्या लॉकरवाल्याकडेच!

हेच काम आपल्या स्वतःच्या यंत्रावरही चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. नेक्स्टक्लाउड ही प्रणाली फायली सांभाळते. तिच्या जोडीला कोलाबोरा ऑनलाइन किंवा ओन्लीऑफिस बसवले, की चार जण चार टेबलांवरून एकच पत्रक एकाच वेळी दुरुस्त करू शकतात. कोलाबोराची रीत माझ्यासारख्याला विशेष पटली. मूळ दस्त सर्व्हरवरच उघडतो आणि पडद्यावर येते ते त्याचे चित्र. खातेवही काउंटरबाहेर द्यायची नाही, गिऱ्हाइकाला शिल्लक तेवढी दाखवायची, तसे.

आमच्या गावच्या वाचनालयाची इतिवृत्ते, वर्गणीदारांची यादी, अनुदानाचे हिशेब सगळे चिटणिसांच्या खासगी खात्यात होते. ते मुलाकडे परदेशी गेले, जुना मोबाइल क्रमांक बंद पडला, आणि लेखापरीक्षणाच्या तोंडावर आम्ही आठ दिवस आपल्याच दारात उभे. दोष द्यायचा तर आमच्या आळसाला. मग एक जुना संगणक, दोन नव्या हार्ड डिस्क आणि मागच्या खोलीतले एक कपाट एवढ्यावर आमचा सर्व्हर उभा राहिला. पहिल्या दिवशी सगळी इतिवृत्ते म्हणजे नुसते चौकोन! अक्षरे सर्व्हर रंगवतो आणि सर्व्हरवर देवनागरी फाँट बसवायचाच राहिला होता. तो बसवला, तरी वीस वर्षांपूर्वीची पाने म्हणजे इंग्रजी अक्षरांचा काला. ती युनिकोडपूर्व फाँटांतली होती. त्यांचे रूपांतर करण्यात सबंध मे महिना गेला. आता बाहेरचे इंटरनेट गेले तरी इमारतीतल्या इमारतीत काम चालते.

पण स्वतःची तिजोरी म्हटली की राखणही स्वतःचीच. शाखांत नुकते संगणक आले तेव्हा दिवसाचे काम संपल्यावर फ्लॉपीवर प्रत काढून एक अधिकारी ती घरी नेत असे. एका शाखेत ती वापरायची वेळ आली. सहा महिने इमानेइतबारे प्रती काढल्या होत्या, वाचता एकही येईना. कुणी कधी उघडूनच पाहिली नव्हती! दोन डिस्क शेजारी लावल्या म्हणजेही बॅकअप झाला असे नव्हे. चुकून पुसलेले दोन्हींवरून पुसले जाते. ज्या संस्थेला दर आठवड्याला तासभर देणारा एक माणूस मिळत नाही, तिने खुशाल भाड्याच्या जागेत राहावे. महिन्याकाठी सगळ्या कागदांची प्रत मात्र आपल्या हातात आणून ठेवावी.

जिल्हा परिषदा, विद्यापीठे, मोठ्या नागरी सहकारी बँका यांना ही सबब देता येणार नाही. त्यांच्याकडे संगणक विभाग आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने एप्रिल २०२४ मध्ये सुमारे ३० हजार कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर लिबरऑफिस आणायचे ठरवले, आणि ऑक्टोबर २०२५ पर्यंत ४० हजारांहून अधिक ईमेल खाती ओपन-एक्सचेंजवर नेली. कर्मचाऱ्यांनी कुरकुर केली, तक्रारीही झाल्या. राज्य मागे फिरले नाही.

वाचनालयात महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही प्रतीमधली एखादी फाइल उघडून पाहतो. सर्व्हरचा मुख्य पासवर्ड दोन बंद पाकिटांत आहे. एक माझ्याकडे, दुसरे ग्रंथपालबाईंच्या टेबलाच्या कुलूपबंद खणात.