मर्यादा ठरवणार कोण?

नालवाडीत शिबिर संपल्यावर एका मुलीने विचारलं, "ताई, तो मोबाईलचा पासवर्ड मागतो. दिला नाही तर म्हणतो, तुझा विश्वासच नाही. काय करू?" तो मुलगाही चळवळीतलाच. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत सर्वांत पुढे.

'मर्यादा' हा शब्द आपल्या घरांत बाईलाच ऐकवला जातो. मोठ्याने हसू नको, उशीर करू नको. ही दुसऱ्याने घातलेली कुंपणं झाली. माझं शरीर, पगार, फोन, वेळ यांबद्दल मी स्वतः ठरवते, ती माझी मर्यादा.

काही कार्यकर्ते याला शहरी फॅड म्हणतात. त्यांनी २० जुलै १९४२ ची नागपूरची दलित महिला परिषद आठवावी. नवऱ्याची मैत्रीण म्हणून बरोबरीने उभ्या राहा, दासी होऊ नका, असं बाबासाहेबांनी तिथे हजारो स्त्रियांना सांगितलं. बरोबरीच्या माणसालाच 'नाही' म्हणता येतं. दासीला ती मुभा नसते.

मी तिला म्हटलं, "पासवर्ड देणार नाही, एवढंच शांतपणे सांग. कारणं देत बसू नकोस."

आणि भावांनो, तेवढ्या 'नाही'ने तुमचं प्रेम तुटत असेल, तर तुम्ही मालकीलाच प्रेम म्हणत होता. मिरवणुकीतली समता घरीही न्या.

जय भीम!