प्रोजेक्टचा विषय बांधावर कुजतोय

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि प्रोजेक्टचा विषय अजून ठरला नाही? मग एकदा उजनीच्या बॅकवॉटरला चक्कर मारा. फ्लेमिंगो बघायला नाही, करमाळा तालुक्यातल्या कंदर, वांगी, चिखलठाण भागातल्या केळीच्या बागा बघायला.

इथली केळी कंटेनर भरून आखाती देशांत जाते. पण केळीचं खोड एकदाच घड देतं. घड उतरवला की खोड तोडायचं. काही शेतकरी त्याची कुट्टी करून रानातच मुरवतात, ते उत्तमच. बाकीची खोडं बांधावर कुजतात.

याच खोडाच्या सोपटात चिवट धागा असतो. गजरा बांधायला वापरतात, तोच. हा धागा मशीनने काढून, रेझिनमध्ये घालून दाबला की पॅनेल तयार होतं. बांबूचा भुसा, उसाचं चिपाड यांचाही असा वापर होतो. ग्लास फायबर केळीच्या धाग्यापेक्षा मजबूत खरं, पण त्याची घनता साधारण २.५, तर केळीच्या धाग्याची १.३५ च्या आसपास. म्हणजे वस्तू हलकी होते. केळीच्याच कुळातल्या फिलिपिन्समधल्या अबाकाचा धागा मर्सिडीजने ए-क्लास गाडीत स्टेपनीच्या खणाच्या आवरणासाठी वापरलाय.

मग अडतंय कुठे? हा धागा पाणी पितो. ओलावा शिरला की रेझिनची पकड सुटते. कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात धुतल्यावर पकड सुधारते, पण द्रावण जास्त कडक झालं तर धागाच कमजोर होतो. शिवाय खोडात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणीच. ते लांब वाहून नेणं परवडत नाही, त्यामुळे मशीन बागेजवळच हवं. उरलेला रस आणि चोथाही वाया घालवायचा नाही. गुजरातच्या नवसारी कृषी विद्यापीठाने खोडाच्या रसापासून द्रवरूप खत बनवलंय.

हे सगळे प्रश्न तुमच्या लॅबमध्ये तपासता येतात. सोलापूर, पंढरपूर, बारामतीच्या कॉलेजांपासून या बागा काही फार लांब नाहीत. तरीही दरवर्षी रेडीमेड प्रोजेक्ट विकत आणून मार्क मिळवणारे आपल्यातलेच असतात ना?

उजनीसाठी या गावांनी जमिनी दिल्या. पाण्यावर बागा उभ्या राहिल्या, पण शिकलेली पोरं अजूनही पुण्याचीच गाडी धरतात. एका प्रोजेक्टने कारखाना उभा राहणार नाही, हे मान्य. पण पावसाळाभर टिकणारं एक पॅनेल तरी करून दाखवा. मेकॅनिकलवाल्यांनो, केमिस्ट्री आणि ॲग्रीच्या दोस्तांना सोबत घ्या. खोड मागायला गेलात तर शेतकरी नाही म्हणणार नाही.