उतारावर घर बांधताय? आधी आईची खोली आखा

मुंबई-पुण्यात नोकरीधंदा करून आता गावाकडे घर बांधायला काढलेल्या मंडळींशी थोडे बोलायचे आहे. घोडेगावच्या पुढे डिंभे धरणाच्या कडेने आहुप्याकडे निघा, नाहीतर जुन्नरहून आपटाळे, इंगळूणच्या अंगाला जा. दिवाळी सरली की कुठे ना कुठे जेसीबी डोंगर खरवडताना दिसतोच. वाटणीला आलेला चार-पाच गुंठ्यांचा तुकडा आणि तोही उताराचा. ठेकेदार म्हणतो, "दोन दिवसांत सपाट करून देतो." वरच्या अंगाची माती कापायची, खालच्या अंगाला लोटायची आणि मधल्या सपाटीवर स्लॅब टाकायचा. पुढे हॉल, शेजारी मुलगा-सुनेची खोली, वर गच्ची. आणि सगळ्यात मागे, कापलेल्या दरडीला टेकून, दहा बाय दहाची एक खोली. ती आई-वडिलांसाठी.

माझे सांगणे एवढेच, की आराखड्याच्या कागदावर ही खोली पहिली काढा आणि बाकीचे घर तिच्याभोवती बसवा.

जे घर आईसाठी म्हणून बांधायचे, त्याच घरात सगळ्यात वाईट जागा आईला मिळते. दरडीकडच्या भिंतीतून पावसाळाभर पाणी पाझरते, ऑक्टोबरपर्यंत पोपडे पडत राहतात. खिडकी उघडली तर समोर दोन हातांवर माती. ऊन नाही, वारा नाही, रस्त्याने कोण गेले ते कळत नाही. जुन्या घरात म्हाताऱ्यांची जागा ओसरीवर असे. येणाराजाणारा त्यांना हाक मारल्याशिवाय पुढे जात नसे. स्लॅबच्या घरात ओसरी गेली आणि म्हातारी माणसे माजघराच्याही मागे गेली. त्यातून कधी दरड सरकलीच, तर पहिला धक्का त्याच भिंतीला बसणार.

दरडीचे नाव काढले की आपल्याकडे माळीण आठवते, आणि ते आठवलेच पाहिजे. 30 जुलै 2014 रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातले ते गाव डोंगराखाली गेले. दीडशेहून अधिक माणसे दगावली. पण त्याच्या पुढची गोष्ट घर बांधणाऱ्याने जास्त लक्षात ठेवावी. पुनर्वसनासाठी आमडे इथे नवे माळीण उभे राहिले आणि 2 एप्रिल 2017 रोजी लोकांना घरे मिळाली. त्याच वर्षी जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला आणि नव्या गावातले रस्ते खचले, भराव बसला, तडे गेले. सरकारी यंत्रणा, अभियंते, पैसा हे सगळे हाताशी असताना ताज्या भरावाने एका पावसात हे दाखवले. तुमच्या चार गुंठ्यांतला भराव वेगळे काही करणार नाही.

आपल्या डोंगरात खाली काळा कातळ आहे आणि त्यावर मुरूम-मातीची गादी. पाऊस मातीत मुरतो, कातळाशी पोचला की अडतो आणि तिथून उताराने वाट शोधतो. माती जड होते, तिची पकड सुटते. तुम्ही खालून उभा काप घेतलेला असतो, म्हणजे तिचा पाय आधीच काढलेला असतो. आपल्या वाडवडिलांनीही याच डोंगरात भातखाचरे काढली. पण ती हळूहळू, बेताच्या उंचीची, आणि बांध घातले ते कोरड्या दगडांचे. फटींतून पाणी निघून जाई. आपण काँक्रीटची सलग भिंत घालतो आणि पाणी कोंडतो. जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आहेत. त्या कोरणाऱ्यांनी कातळ निवडला आणि राहण्याच्या जागेजवळच पाण्याची टाकी खोदली. डोंगरात राहायचे तर पाण्याचा हिशेब त्यांनाही करावा लागला.

म्हणून जागा घेतली किंवा वाटणीला आली, की एक पावसाळा काही बांधू नका. मुसळधार पावसात छत्री घेऊन तिथे उभे राहा. पाणी कुठून येते, कुठे साचते, कुठे नवा झरा फुटतो ते बघा आणि खुंट्या मारून ठेवा. झाडे एका अंगाला कलली आहेत का, जमिनीला आडवी भेग आहे का, नेहमी स्वच्छ असणारा झरा अचानक गढूळ येतो का? असले काही दिसले तर तिथे घर नको, मग तुकडा कितीही रस्त्याला लागून असो. उतार किती तेही मोजून घ्या. गवंड्याकडे पाण्याची पारदर्शक नळी असते, ती पुरते. पाच फूट आडवे गेल्यावर एक फूट किंवा जास्त फरक पडत असेल, तर राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे तसल्या उतारावर कापाकापी आणि बांधकामाला परवानगी मिळत नाही. "गावात कोण विचारतो" म्हणणारे भेटतील. नियम बाजूला ठेवा, तो उतारच तुम्हाला विचारील.

उतार त्याहून सौम्य असेल तर मात्र त्याचा फायदा करून घेता येतो, आणि हेच बहुतेकांच्या लक्षात येत नाही. सपाट जागेवरच्या दुमजली घराला एकच तळमजला असतो. उतारावरच्या घराला दोन मिळतात. समजा जागेत दहा फुटांना एक फूट उतार आहे आणि घर तीस फूट खोल आहे. म्हणजे पुढच्या-मागच्या जमिनीत तीन फुटांचा फरक. घर दोन पायऱ्यांत मोडले, खालची पातळी थोडी खाली आणि वरची थोडी वर, तर कापही कमी लागतो, भरावही कमी लागतो आणि दोन्ही पातळ्यांना जमिनीवरून थेट आत शिरता येते. आत शिरायला लिफ्ट नको, जिना नको. ज्या पातळीवर रस्ता, ती पातळी आई-वडिलांची. जिने चढण्याचे काम तरुणांनी करावे.

रस्ता वरच्या अंगाला असेल तर सोपे आहे. रस्त्यालगत आई-वडिलांचे दार, त्यापुढे ओटा, आणि मुलाचा संसार खालच्या पातळीवर. त्याला दरीकडचा मोकळा वारा मिळतो, तक्रारीला जागा नाही. रस्ता खाली असेल तर त्यांची खोली पुढे काढा आणि डोंगराच्या बाजूला न्हाणीघर, कोठार, जिना असे टाका. दोन्हींत एक गोष्ट सोडू नका: घराची मागची भिंत दरडीला टेकवायची नाही. मधे निदान चार फुटांची गल्ली ठेवा, तिला गटार काढा. पालापाचोळ्याने तुंबलेले ते गटार मे महिन्यात कुणीतरी माणसाने आत उतरून साफ केले पाहिजे, म्हणून माणूस मावेल एवढी रुंदी.

बांधकामाचे बाकी थोडक्यात. घराचा अर्धा पाया कापलेल्या घट्ट जमिनीवर आणि अर्धा भरावावर कधीही नको. दोन भाग वेगवेगळे बसतात आणि मधोमध चीर जाते. खालच्या अंगाचे खड्डे कडक मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत न्या, खर्च वाढला तरी. संरक्षक भिंत घालाल तर मागे खडी भरा आणि भिंतीत दर चार-पाच फुटांवर पाइप सोडा, तोंड बाहेर उतरते. ती भिंत डोक्याएवढी किंवा उंच होणार असेल तर ते गवंड्याचे काम राहत नाही, स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी द्या. घराच्या वरच्या अंगाला आडवा चर काढून डोंगराचे पाणी बाजूने ओढ्याला लावा. शोषखड्डा घराच्या वर कधीच नको, तो खालच्या अंगाला आणि भिंतीपासून लांब.

आता खोलीच्या आत येऊ. दारापुढच्या तीन पायऱ्यांची ऐट इथे नको. चाकाच्या खुर्चीसाठी बारा फुटांना एक फूट असा चढ धरतात. जोते अडीच फूट उंच असेल तर तीस फूट लांबीची उतरती वाट लागते. ती उताराला आडवी, घराच्या कडेने काढली की सहज बसते, सरळ समोर काढू गेलात तर अंगण खाऊन टाकते. दोन्ही बाजूंना कठडा हवा. दार तीन फूट रुंद, बोळ चार फूट. रात्री बेरात्री 108 ची गाडी आली तर स्ट्रेचर वळले पाहिजे. घोडेगाव-मंचरच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता आधीच लांबचा, घरातल्या घरात वेळ जायला नको.

संडास खोलीला जोडूनच हवा, यात तडजोड नाही. कमोड, शेजारी भिंतीत पक्की बसवलेली दांडी, खरखरीत फरशी, आणि दार बाहेर उघडणारे. आत कुणी पडले तर आत उघडणारे दार ढकलता येत नाही. अंगणापलीकडचा संडास हा जुन्नर वनविभागात फक्त गैरसोयीचा प्रश्न नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर हा सगळा बिबट्यांचा मुलूख झाला आहे. माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे, ते उगाच नाही. अंधारात खाली वाकलेली, बसलेली व्यक्ती बिबट्याला माणूस वाटेलच असे नाही. सत्तर वर्षांच्या आईला पहाटे टॉर्च घेऊन बाहेर पाठवू नका.

राहिला लोकांच्या बोलण्याचा प्रश्न. वेगळे दार, वेगळी चूल ठेवली की गाव म्हणणार, "आईबापाला वेगळे काढले." मला विचाराल तर दार वेगळे असावे आणि ओटा एकच असावा. चहा आणि पेज करण्यापुरता गॅस त्यांच्याकडे असू द्या. मोठा स्वयंपाक एकत्र. पहाटे चारला उठणाऱ्या वडिलांना चहासाठी सुनेची वाट बघावी लागणे, यात कुणाचाच मान राहत नाही. दोन खोल्यांमधले दार आतून उघडते असू द्या आणि त्यांच्या उशाशी एक घंटीचे बटण बसवा.

कागदाचेही बघा. जमीन आई-वडिलांच्या नावावर असेल आणि घरासाठी ती बक्षीसपत्राने घेणार असाल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्वच्छ लिहा. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचे कलम 23 अशा अटीच्या आधारे, सांभाळ न झाल्यास, ते हस्तांतरण रद्द करवून घेण्याची सोय देते. तुमचा हेतू चांगला असेल तर ती अट लिहायला संकोच कशाचा?

या दिवाळीत गावी जाल तेव्हा आराखडा बरोबर न्या आणि ठेकेदाराच्या हाती देण्याआधी आईला जागेवर नेऊन उभे करा. तिची खोली कुठे येणार ते चुन्याने आखून दाखवा. रस्त्यापासून तिथवर तिला स्वतः चालत जाऊ द्या. ती "इथे नको" म्हणाली, तर कागद बदला.