उतरताना सोपे, चढताना कठीण

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक आजोबा-आजी आले. दोघांचेही चेहरे टवटवीत. "काय होतंय?" म्हणून विचारले, तर आजोबा म्हणाले, "होत काही नाही, डॉक्टर. ज्येष्ठ नागरिकांची सहल निघालीय लोणारला. मुलगा म्हणतो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

मी लगेच 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. दोघांचे रक्तदाब पाहिले, आजींची साखर तपासायला सांगितली आणि म्हटले, "या आठवड्याचा माझा लेख वाचा, मग बोलू." वाचकहो, आजचा लेख त्या दोघांसाठी आहे. त्यांच्या निमित्ताने, थंडी पडली की सहलीच्या पिशव्या भरणाऱ्या आपल्या सगळ्यांसाठीही आहे.

लोणार बुलढाणा जिल्ह्यात आहे. जमिनीत सुमारे पावणेदोन किलोमीटर रुंदीचा गोल खळगा, कडेला झाडी आणि तळाशी हिरवट, खारे, निवांत पाणी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झाले आणि देशभर त्याची छायाचित्रे झळकली. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे नंतर कळले. त्याच वर्षी नोव्हेंबरात या सरोवराला 'रामसर' या आंतरराष्ट्रीय पाणथळ यादीत स्थान मिळाले. तेव्हापासून आपल्या पेण-वडखळकडची मंडळीही "एकदा पाहायचंय" म्हणू लागली आहेत. जरूर पाहावे. पण लोणार हा डोंगर नाही, हे आधी ध्यानात घ्यावे. आरोग्याच्या दृष्टीने सारी गोम तिथेच आहे.

आपण कर्नाळ्याला जातो तेव्हा आधी चढ लागतो. दम लागला की माणूस मध्येच एखाद्या दगडावर बसतो, "तुम्ही व्हा पुढे" म्हणतो आणि मागे फिरतो. परतीची वाट उताराची असते. डोंगर आपली परीक्षा सुरुवातीलाच घेतो. विवराचे उलटे असते. ते आधी गोड बोलून खाली नेते आणि परीक्षा शेवटी घेते. तेव्हा ऊन डोक्यावर आलेले असते, पाय थकलेले असतात, पोट भरलेले असते, बाटलीतले पाणी संपलेले असते आणि मागे फिरायला वाटच नसते. लोणारचा तळ काठापासून सुमारे १३७ मीटर खोल आहे. म्हणजे चाळीस-पंचेचाळीस मजल्यांची इमारत समजा. ती लिफ्टशिवाय चढायची, तीही दिवसाच्या शेवटी.

हे मी पुस्तकात वाचलेले सांगत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये आम्ही चौदा जण गेलो होतो. मुक्काम तेव्हाच्या औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला. तिथून पहाटे निघून जालन्यावरून लोणार आणि रात्री परत, असा एका दिवसाचा बेत. वेळापत्रक मीच आखले होते. कुठे किती मिनिटे थांबायचे, हेसुद्धा मी कागदावर लिहिले होते. आमच्यात एक निवृत्त गुरुजी होते. वय सहासष्ट. मधुमेह बारा वर्षांचा, पण गोळ्या वेळेवर. अंगाने सडपातळ, चालायला चपळ. त्यांची काळजी करावी असे कुणालाच वाटले नाही. मलाही नाही.

धारेपाशी आम्हाला स्थानिक गाईड भेटला. तिशीतला तरुण, बोलणे मोजके. विवराकडे बोट दाखवून त्याने सांगितले, की इंग्रज अधिकारी अलेक्झांडर याने १८२३ मध्ये या सरोवराची नोंद केली आणि पुढे दीडशे वर्षांच्या आसपास जाणकार मंडळी याला ज्वालामुखीचे तोंड समजत राहिली. तसे वाटायला कारणही होते. इथला सारा खडक ज्वालामुखीचाच, आपल्या सह्याद्रीचा आहे तोच काळा पाषाण. पण १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी तळाशी छिद्रे घेऊन नमुने तपासले, तेव्हा प्रचंड आघाताशिवाय तयार होत नाहीत असे काचेसारखे कण सापडले. हा खड्डा उल्केच्या आघाताने पडला आहे, हे तेव्हा पक्के झाले. मी गमतीने म्हटले, "म्हणजे रोगनिदान चुकलं होतं म्हणायचं!" सगळे हसले. तीन तासांनी तेच वाक्य मला फार टोचणार होते.

खाली उतरण्यापूर्वी गाईडने एकच अट घातली. "खाली मोठ्यानं बोलायचं नाही. अभयारण्य आहे. मोर असतात, पाखरं असतात."

आता आम्ही पडलो वडखळचे! मुंबई-गोवा महामार्ग आणि अलिबागचा रस्ता जिथे फुटतो त्या नाक्यावर आमचे आयुष्य गेलेले. तिथे शेजारच्याशी बोलायचे तरी हॉर्नच्या वरचा आवाज काढावा लागतो. ती सवय घेऊनच आम्ही उतरू लागलो. गाईडने दोन-तीनदा ओठांवर बोट ठेवले तेव्हा कुठे आवाज खाली आला. आणि मग ती शांतता आली. कितीतरी वर्षांत मी माझ्या स्वतःच्या पावलांचा आवाज असा ऐकला नव्हता. पानावर पान पडले तरी कळत होते. काठाशी पोचल्यावर अर्धा तास कुणी शब्दही काढला नाही. एक बाई नंतर म्हणाल्या, "डोकं धुऊन निघाल्यासारखं वाटतंय." मला ते अगदी पटले. सततच्या गोंगाटाने रक्तदाब वाढतो आणि झोप बिघडते, हे आता वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. आपल्या कायद्यानेही वस्तीच्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. आमच्या नाक्यावर ती मर्यादा कुठे राहते, ते सांगायला यंत्र लागत नाही.

तळाशी आम्ही डबे उघडले. तांदळाच्या भाकरी, सुकटाची चटणी, पोह्याचे पापड. अगदी सणासारखे जेवलो आणि माझ्या वेळापत्रकाप्रमाणे दीड वाजता चढायला लागलो. भर जेवणावर, भर उन्हात. मी पुढे होतो, छायाचित्रे काढत. वाट निम्मी संपली असेल, तोच मागून गाईडची हाक आली, "साहेब, थांबा. गुरुजींचा श्वास बरोबर नाही."

मी वळून पाहिले. गुरुजी उभे होते, हसतही होते. "काही नाही हो, सुकट जरा जास्त झालं. अपचन आहे. तुम्ही चला." पण गाईडने तोवर त्यांना हाताला धरून सावलीत बसवले होते. "बसा इथं. घाई नाही." जवळ जाऊन पाहिले तर कपाळावर गार घाम, नाडी जलद, चेहरा राखेसारखा. छातीत दुखत नव्हते. फक्त दम लागत होता आणि मळमळत होते.

मधुमेह्यांना हृदयविकाराचा झटका पुष्कळदा न दुखता येतो, हे मी कितीतरी रुग्णांना सांगितलेले होते. पण त्या घडीला माझ्याही तोंडून पहिले वाक्य निघाले ते, "आम्लपित्त असेल." वरवरचे पाहून निदान करायचे आणि आतला आघात ओळखायचाच नाही! सकाळी ज्या चुकीला मी हसलो होतो, तीच चूक मी दुपारी केली. गाईड मात्र बधला नाही. "डॉक्टर तुम्ही आहात," तो म्हणाला, "पण यांना मी आता एक पाऊलही चढू देणार नाही." त्याने वरून माणसे बोलावली. खुर्चीवर बसवून, आळीपाळीने खांदा देत त्यांनी गुरुजींना काठावर आणले. तिथून १०८ ची रुग्णवाहिका आणि मोठे रुग्णालय. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या एका वाहिनीत अडथळा निघाला. वेळेत उपचार झाले. गुरुजी आज आहेत. खाडीच्या बांधावर रोज सकाळी फिरतात आणि मला पाहिले की "काय हो, सुकट पचलं का?" म्हणून चिडवतात.

त्या दिवशी मी गाईडला विचारले होते, "तुम्हाला कसं कळलं?" तो म्हणाला, "इथं सगळं ऐकू येतं, साहेब."

त्या उत्तराचा मी अजून विचार करतो. गुरुजींनी नंतर कबूल केले की सहलीच्या आधी महिनाभर वडखळलाही जिना चढताना त्यांना दम लागत होता. पण ते त्यांनी कुणाला सांगितले नाही, आणि आम्हालाही ऐकू आले नाही. शरीर बोलत असते. आपल्या गलबल्यात आणि घाईत त्याचा आवाज दबून जातो. त्यात लाजेची भर. "मी मागे राहिलो तर लोक काय म्हणतील?" या एका प्रश्नाने सहलीत जेवढे नुकसान होते, तेवढे बाहेरच्या पाण्याने होत नसेल.

कुणी म्हणेल, "मग वय झालं की घरातच बसायचं का, डॉक्टर?" मुळीच नाही. बसून राहण्याने होणारी हानी चालण्याने होणाऱ्या हानीपेक्षा कितीतरी मोठी आहे. माझे म्हणणे एवढेच, की सहलीचा वेग सर्वांत हळू चालणाऱ्याने ठरवावा. सहल आखणाऱ्याच्या कागदाने ठरवू नये. आणि विवर काठावरून पाहिले म्हणजे पाहिलेच नाही, ही समजूत टाकून द्यावी. काठावरून ते जसे पूर्ण दिसते तसे खालून दिसतही नाही. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ, ती धार, काठावरची सावली, यात दिवस आनंदात जातो. ज्याला काठावर थांबायचे आहे त्याच्यासोबत कुणीतरी थांबावे, म्हणजे त्याला एकटे पडल्यासारखे वाटत नाही.

जे उतरणार आहेत त्यांनी महिनाभर आधी रोज अर्धा तास चालावे आणि जिने चढून पाहावेत. चालताना एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आले तर वेग ठीक. शब्द तुटू लागले की थांबावे. मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असेल, अथवा साध्या चढावर दम लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्यावी. गोळ्या त्या दिवशीही घ्याव्यात. पुष्कळ जण, विशेषतः आपल्या आया-बहिणी, वाटेत लघवीची सोय नसते म्हणून पाणी पीत नाहीत आणि रक्तदाबाची गोळीही चुकवतात. हे घातक आहे. सहल आखणाऱ्यांनी जेवणाच्या जागेआधी स्वच्छतागृहाची जागा शोधावी. मधुमेह्यांनी खिशात खडीसाखर ठेवावी. सकाळी लवकर उतरावे, ऊन चढण्यापूर्वी वर यावे आणि जेवण वर आल्यावरच करावे. सरोवराचे पाणी धुण्याच्या सोड्यासारखे क्षारयुक्त असते. ते पिऊ नये, डोळ्यांना लावू नये. पाण्याची पातळी कमीजास्त होत असल्याने काठाची वाट खुली आहे का, हे आधी विचारावे. स्थानिक गाईड जरूर घ्यावा, आणि घेतल्यावर त्याचे ऐकावे. उतरताना मांड्या आणि गुडघ्यांवर जोर येतो, तेव्हा हातात काठी असू द्यावी. दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या तर घाबरू नये. पण चढताना छातीत दडपण, जबडा किंवा हात दुखणे, गार घाम, मळमळ, नेहमीपेक्षा जास्त धाप, यातले काहीही झाले तर ते अपचन नाही असेच धरून चालावे. जागीच बसवावे आणि मदत बोलवावी. चालवत नेऊ नये.

आणखी एक गोष्ट, लोणारला न जाणाऱ्यांसाठी. रोज पहाटे, नाक्यावरची वर्दळ वाढण्याआधी, पाच मिनिटे गप्प बसा. टीव्ही बंद, फोन दूर. स्वतःचा श्वास ऐका. काल जिना चढताना काय झाले होते, ते आठवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा श्वासही ऐका. ते स्वतःहून सांगणार नाहीत.

तर आजोबा, आजी, माझे उत्तर 'हो' आहे. आजींच्या साखरेचा कागद घेऊन सोमवारी या, मग कोण किती उतरणार ते ठरवू. आणि निघण्याआधी सहलीचे वेळापत्रक मला दाखवा. अशा कागदांवरचा माझा विश्वास उडाला आहे, माझ्या स्वतःच्या कागदापासूनच.